सहज वापराच्या कल्पनेत शिकण्याला जागा असावी का?
'उत्तम इंटरफेस (यंत्र वापरण्यासाठीची कळा-पडद्यांची रचना) तो, जो शिकावाच लागत नाही' हे अनेकदा मांडले जाणारे मत मला अर्धेच पटते. बँकेच्या यंत्रापुढे क्वचित उभ्या राहणाऱ्या माणसासाठी ते खरे आहे, परंतु जो रोज आठ तास संगणकावर काम करतो त्याच्या बाबतीत नाही. संगणकाच्या माउसचेच उदाहरण घ्या. तो जगासमोर आणणारे अमेरिकन संशोधक डग्लस एंगलबर्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे केलेल्या प्रात्यक्षिकात उजव्या हाताखाली माउस होता, तर डाव्या हाताखाली पाच कळांचे एक लहान साधन होते आणि पेटीवरील स्वरमेळाप्रमाणे अनेक कळा एकदम दाबून त्यावर अक्षरे उमटत. पाच कळांचे ३१ मेळ होतात. ते पाठ करावे लागत आणि एंगलबर्ट यांना हे कष्ट सार्थ वाटत. पुढे माउस घरोघरी पोहोचला, ते दुसरे साधन मात्र मागे पडले.

शिकण्याचे कष्ट सार्थ ठरतात, हा अनुभव मला मराठी टंकलेखनात आला. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणे पहिल्याच दिवशी जमले, याउलट इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाणित कळफलकासाठी सुमारे तीन आठवडे खर्ची पडले. पण त्या कळफलकावर 'क'च्याच कळीवर शिफ्टसह 'ख' आणि 'ग'च्या कळीवर 'घ' आहे, म्हणजे रचना आपल्या वर्णमालेचीच आहे, हे उमगल्यावर बोटे विचारांबरोबर चालू लागली. आज रोमन लिप्यंतराकडे परतणे मला अत्यंत कृत्रिम वाटते.