संदेश कसा पारखावा?

प्रश्न: मंडळीतल्या (चर्चमधल्या) एक ताई ‘प्रभू म्हणतो’ असं सांगून इतरांची लग्नं, नोकऱ्या ठरवतात. थांबवलं तर पवित्र आत्म्याला विझवल्यासारखं होईल का?

उत्तर १: नाही. बायबलमध्ये १ थेस्सलनीकाकरांस ५:१९-२१ इथे ‘विझवू नका’ आणि ‘पारख करा’ एकाच दमात येतं. १ करिंथ १४:२९ प्रमाणे दोघातिघा संदेष्ट्यांनी बोलावं, इतरांनी पारखावं. ‘मला आवरलंच नाही’ ही सबब चालत नाही, त्याच अध्यायातलं वचन ३२ वाचा: संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात.

उत्तर २: प्रेषितांची कृत्ये २१ पाहा. यरुशलेमेत प्रेषित पौलाला बांधून परराष्ट्रीयांच्या हाती देतील, इतकंच अगब हा संदेष्टा बोलला. ‘जाऊ नका’ ही विनवणी ऐकणाऱ्यांची, पौल गेलाच. गडबड बहुधा इथेच होते: दर्शन, अर्थ आणि सल्ला एकमेकांत मिसळतात. तिन्ही वेगवेगळे लिहून घ्या.

उत्तर ३: लग्न, पैसा, औषधोपचार यांबद्दलचा संदेश आधी पाळकांना खासगीत सांगायचा, असा नियम करा. ताईंना मात्र चारचौघांत टोकू नका.