सल्ला हवा: ऊसतोडीवरची गडद मालिका, लूक कसा ठरवू? (बजेट ३ लाख)

चिपाड:
नमस्कार मंडळी. सहा भागांची वेब सिरीज लिहून झालीय, पुढच्या आठवड्यात कॅमेरामनबरोबर लूक ठरवायला बसायचंय. गोष्ट ऊसतोड टोळीची. बीडकडची माणसं फडावर येतात, उचल फिटत नाही आणि टोळीतली एक बाई नाहीशी होते. जानेवारीत, गाळप चालू असताना १६ दिवस शूट. कॅमेरा, लाइट, लाइटची माणसं, जनरेटर धरून ३ लाख. त्यावर एक रुपया नाही, घरचे आधीच बोलत नाहीयेत. रंग कोणते धरू? आणि अंधार किती ठेवू?

लेन्सवाले_काका:
ॲलेक्सा (ॲरीचा सिनेमा कॅमेरा) आणि सिनेमासारखं रुंद चित्र देणारी ॲनामॉर्फिक लेन्स. विषय संपला. आम्ही परवाच्या जाहिरातीला हाच सेट घेतला होता, क्लायंट मॉनिटरसमोरून उठेना.

चिपाड:
काका, ३ लाख सगळं मिळून आहेत हो.

लेन्सवाले_काका:
मग दिवस कमी करा. १६ कशाला लागतात?

निळसर:
माझ्या शॉर्ट फिल्मला सावल्यांत टील (हिरवट निळा) आणि चेहऱ्यावर केशरी ठेवलं होतं. रात्रीला निळं चांदणं. क्राइम म्हटलं की लोकांना हेच हवं असतं. माझी लट (LUT, तयार रंगांची फाइल) पाठवू का?

गॅफर_मामा:
निळं चांदणं ही थाप आहे. चांदणं म्हणजे परतून आलेलं ऊनच, मोजलं तर उन्हापेक्षा किंचित पिवळंच भरतं.

निळसर:
पण डोळ्याला निळसर वाटतं ना? मंद उजेडात डोळा निळ्या-हिरव्याकडे झुकतो. प्रेक्षक मीटर घेऊन बसत नाही मामा.

गॅफर_मामा:
बरं. पण त्या निळ्यात सगळ्यांच्या मालिका सारख्याच दिसतात, त्याचं काय?
चिपाडताई, कामाचं ऐका. काळी माती उजेड पिते. रात्री फडात समोरून लाइट मारलात तर चेहरा दिसेल आणि मागे भोक पडल्यासारखं होईल. लाइट उसाच्या मागे न्या. पात्याच्या कडा चमकतात, ट्रॅक्टरच्या धुळीत झोत दिसतो, मग एका दिव्यात काम होतं. चेहऱ्यावर उजेड परतवायला थर्माकोलचा तुकडा पुरतो. ट्रॅक्टरचे दिवे, चूल, बॅटरी हे सगळं फ्रेममध्येच ठेवा, त्याचं भाडं लागत नाही. आणि कोपीत (टोळीच्या पाचटाच्या झोपडीत) टंगस्टनचे तापणारे दिवे नेऊ नका. आमच्या एका शूटला १ किलोवॅटचा दिवा पाचटाच्या छपराला टेकला होता. धूर आला म्हणून कळलं. तेव्हापासून गवत असेल तिथे एलईडी आणि हाताशी पाण्याच्या दोन बादल्या.

लेन्सवाले_काका:
एलईडीत ती मजा नाही.

जुनी_कॅसेट:
मी २० वर्षं मालिकांत काढली. तिथे मध्यरात्रीसुद्धा सासूबाईंच्या पैठणीचा काठ दिसला पाहिजे, असा चॅनलचा हट्ट. तुम्हाला अंधार करायला मिळतोय हेच मोठं. पण अति नको. २०१९ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या ‘द लाँग नाइट’ या भागावर ‘काही दिसतच नाही’ म्हणून ओरड झाली होती. त्यांच्याकडे पैशाला तोटा नव्हता, तरी. स्ट्रीमिंगला फाइल दाबली की पहिले काळे भाग फुटतात, चौकटी-चौकटी दिसायला लागतात.

वन_प्लस_वन:
+१, अति अंधार नको. शिवाय लोक मालिका लोकलमध्ये मोबाइलवर बघतात, अर्ध्या ब्राइटनेसवर.

लॉगबुक:
टेस्ट फुकटात होते. २० सेकंदांची रात्रीची क्लिप ग्रेड करा (रंग-उजेड पक्के करा) आणि घरच्या ग्रुपवर व्हॉट्सॲपने पाठवा. ते इतकं दाबतं की त्यातून वाचलेली क्लिप कुठेही वाचेल. माझ्या आईचं उत्तर आलं होतं, ‘आवाज छान आहे, चित्र कधी पाठवतोस?’
कॅमेरा: सोनी एफएक्स३. एस-लॉग३ मध्ये (नंतर ग्रेड करायचं फिकट रेकॉर्डिंग) त्याला दोन बेस आयएसओ आहेत, म्हणजे उजेड टिपण्याचे दोन आकडे जिथे चित्र सगळ्यात स्वच्छ येतं, ८०० आणि १२,८००. मधल्या ४,००० वगैरेवर रेंगाळू नका, रात्री सरळ १२,८०० लावा. कंदिलावर सीन निघतो.
आणि शटर! आपली वीज ५० हर्ट्झ, ट्यूबलाइट तिच्या तालावर लुकलुकते. सेकंदाला २४ फ्रेमवर शूट करणार असाल तर शटर १८० अंशांवर नाही, १७२.८ वर, म्हणजे १/५० सेकंद. मी विसरलो होतो. गोडाऊनमधल्या पाच सीनमध्ये ट्यूबलाइटचे पट्टे वरून खाली सरकतायत. कारखान्याच्या गेटवर तुमचं हेच होईल.

निळसर:
२५ फ्रेमवर शूट करा, १८० अंशांवरच १/५० येतं, प्रश्नच मिटला.

लॉगबुक:
तेही चालेल.

रंगवणारी_मावशी:
कोणी कपड्यांचं बोलतच नाही. लूक निम्मा तिथेच ठरतो. रात्री काळे कपडे देऊ नका, नुसतं मुंडकं तरंगतं. पांढरेशुभ्रही नकोत. आम्ही पांढरे शर्ट चहाच्या पाण्यात बुडवून काढतो, तोंडावरची नजर शर्टावर जात नाही. टोळीला मातकट, विटके रंग द्या. आणि नवी लुगडी आणून फाडू नका, बाजाराच्या दिवशी जुनी विकत घ्या. उन्हाने विटलेला रंग हाताने आणता येत नाही, सगळे उपाय करून बसलेय.

वन_प्लस_वन:
+१ चहा.

जुनी_कॅसेट:
चहावरून आठवलं, फडावर युनिटच्या जेवणाचं काय करणार?

चिपाड:
काल आम्ही रेकीला, म्हणजे शूटची जागा बघायला, गेलो होतो. दुपारी एकच्या सुमाराला एका कोपीत बसलो. बाहेर तोडलेल्या रानावर ऊन इतकं पांढरं, की दारातून आत आलेल्या बाईचं तोंड मला दिसेना, डोक्यावरच्या मोळीची बाह्यरेषाच फक्त. ती माझ्याशी बोलत होती आणि मला तिचं तोंड शोधावं लागत होतं. आमची हरवलेली बाई अशीच हरवते, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत.
त्यामुळे ठरलं. रात्रीचे अकरा सीन होते, आता तीनच ठेवले. बाकी सगळं दुपारी, कोपीच्या दारातून. निळसर, तुमची लट नको, पण धन्यवाद. मामांचा मागचा लाइट, बादल्या, एफएक्स३ आणि १/५० हे घेतलं. मावशी, टोळीला तुम्ही सांगता तसंच विटकं देते. फक्त मुकादमाचा शर्ट पांढराफेक, नीळ घातलेला, चहा नाही. उन्हात तो कॅमेऱ्यात जळणार, म्हणजे नुसता पांढरा दिसणार, चेहऱ्यापेक्षा शर्ट उजळ दिसणार, हे माहीत आहे. मला तेच हवंय.

रंगवणारी_मावशी:
पस्तावशील. सारखे तीन शर्ट तरी शिवून ठेव, फडात पांढरं तासभरही टिकत नाही.

गॅफर_मामा:
दुपारचं शूट म्हणजे जनरेटरचे पैसे वाचले की! कोपीच्या आत काळं कापड लावा, बाहेरचा उजेड भिंतीवरून परत येतो.

लेन्सवाले_काका:
जनरेटरचे वाचले ना? ॲलेक्सा घ्या.