अंगठा लावला, पैसे कापले, हातात काहीच नाही! मदत हवी आहे

रानझरा: लवकर सांगा. आईच्या खात्यातून तीन हजार गेले. केंद्रवाला (गावात बँकेच्या वतीने पैसे काढून देणारा) म्हणतो फेल झालं, आपोआप परत येतील. अजून आले नाहीत. बँकेत म्हणतात केंद्रावर विचारा. लावणीची मजुरी द्यायची आहे.

कांदाउत्पादक: अंगठ्याने काढले की कार्डाने? पावती आहे? मेसेज काय आला?

रानझरा: अंगठ्यानेच. सुरगाण्याच्या पाड्यावर दुसरं काय असणार? पावती नाही, मशीनचा कागद संपला होता म्हणे.

गोदाकाठ: आईंना यूपीआय चालू करून द्या. नेट नसलं तरी *९९# वर चालतं, साधा फोन पुरतो. मी सासूबाईंना शिकवलंय.

रानझरा: आईकडे फोन नाही. खात्याला नंबरही जोडलेला नाही.

कांदाउत्पादक: गोदाकाठ, *९९# लाही खात्याला जोडलेला नंबर लागतो. आणि गेलेले पैसे त्याने परत येणार का?

गोदाकाठ: पुढच्या वेळचं सांगितलं. अंगठ्यावर किती दिवस राहायचं? शेतात राबणाऱ्यांचे ठसे झिजतात, मशीन घेतच नाही.

कळवणची_ताई: लाडकी बहीणचा हप्ता असेल तर आधार कुठल्या बँकेला सीड (जोडलेलं) आहे ते बघा. शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. माझ्या जावेचे पैसे भलत्याच बँकेत सापडले.

रानझरा: ताई, हप्ता जमा झालाय. काढताना गेले.

बँकमित्र_दिंडोरी: मी हेच केंद्राचं काम करतो. आधी पासबुक भरून घ्या, नोंदीसोबत १२ आकडी आरआरएन (व्यवहाराचा क्रमांक) मिळतो का बघा, नाहीतर बँकेकडून मागा. तक्रार आईचं खातं आहे त्या बँकेतच लेखी द्या, पोच घ्या. केंद्रावर ढकलू देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे फसलेल्या व्यवहाराचे पैसे ५ दिवसांत परत यायला हवेत, उशीर झाला तर रोज १०० रुपये भरपाई. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, फी नाही. अंगठा दोनदा घेतला होता का?

रानझरा: हो. आधी डावा, मग उजवा. का?

बँकमित्र_दिंडोरी: पहिला फेल आणि दुसरा यशस्वी झालेला असू शकतो. बँकेच्या नोंदीत 'यशस्वी' दिसला तर पैसे आपोआप येणार नाहीत. मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, पोलिसांत अर्ज द्या.

कांदाउत्पादक: हेच! 'फेल' म्हणून खिशात घालणारेही आहेत. नोटाबंदीत लासलगावला आम्हाला कांद्याचे चेक मिळाले, तेव्हाही लोकांनी असंच...

बँकमित्र_दिंडोरी: भाऊ, त्यावर वेगळा धागा काढा. आणि सगळे केंद्रवाले तसे नसतात.

रानझरा: उद्या पासबुक भरतो. अर्ज मराठीत चालेल?

बँकमित्र_दिंडोरी: चालेल. तारीख, वेळ, रक्कम आणि केंद्राचं नाव लिहा, खाली आईंची सही किंवा अंगठा.