वारुळाजवळची अळंबी खाण्याजोगी कशी ओळखायची?

प्रश्न (यावल): पहिल्या मोठ्या पावसानंतर बांधावर पांढरी छत्री उगवलीय. घरचे म्हणतात, लसणासोबत शिजवून बघा, लसूण काळा पडला नाही तर खा. हे खरं का?

उत्तर १: नाही भाऊ, लसूण किंवा चांदीचं नाणं काहीच सांगत नाही. किड्यांनी खाल्लेली छत्रीही विषारी असू शकते. उपटू नका, खुरप्याने खोल खणून काढा. वाळवीवरच्या अळंबीचा देठ मुळासारखा खाली वारुळापर्यंत जातो आणि टोपीच्या मधोमध टोकदार उंचवटा असतो. देठाच्या बुडाशी पिशवीसारखं आवरण दिसलं तर हात लावलेली छत्रीसुद्धा फेकून द्या, हात धुवा. ते अमानिटा, म्हणजे जीवघेणी विषारी छत्री, असू शकतं, आणि वरून तोडली तर ती पिशवी मातीतच राहते.

उत्तर २: बीजाणूंचा, म्हणजे टोपीखालून गळणाऱ्या बारीक भुकटीचा, रंगही बघा. देठ कापून टोपी अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर टोपीखालच्या पातळ पापुद्र्यांची बाजू खाली करून ठेवा, वर वाटी झाका, रात्रभर थांबा. वाळवीच्या अळंबीच्या भुकटीचा कागदावरचा ठसा फिकट गुलाबी येतो. हिरवट आला तर ती गवतातली विषारी छत्री, एक-दोन तासांत उलट्या होतात. पांढरा आला तर अमानिटाचा संशय धरा. पण नुसत्या गुलाबी ठशावरही खाऊ नका, त्या रंगाच्या विषारी जातीही आहेत. सगळ्या खुणा जुळायला हव्यात.

उत्तर ३: अमानिटाचं विष उकळून जात नाही. त्रास साधारण ६ ते १२ तासांनी सुरू होतो, मध्ये बरं वाटतं, मग यकृत निकामी होतं. म्हणून उलट्या थांबल्या तरी १०८ ला फोन करा, उरलेली छत्री कागदात गुंडाळून दवाखान्यात न्या.