लग्नात काय वाजवलं, कोणी वाजवलं? गोव्यातले अनुभव सांगा

भाचीचं लग्न मार्गशीर्षात ठरलंय. मुहूर्त दुपारचा, फोंड्याजवळच्या एका देवस्थानच्या सभागृहात. संध्याकाळी मडगावला रिसेप्शन. जेवणावर दोन्ही घरांचं एका बैठकीत जमलं, वाजपावर मात्र अजून चाललंय. आजीला सनई हवी, भाचीला लाइव्ह बँड, नवऱ्या मुलाच्या मित्रांना डीजे आणि भावोजींना सगळं दहाच्या आत आटपायला हवं. तुम्ही गोव्यात लग्न केलं असेल, लावून दिलं असेल किंवा नुसते जेवून आला असाल, तरी लिहा. काय ठेवलं होतं, काय रंगलं, पैसे कुठे वाया गेले? ‘बजेटवर अवलंबून’ एवढंच लिहिणार असाल तर राहू द्या, ते आम्हालाही कळतं.

माशेलची मावशी

सनई लाइव्हच ठेवा, पण वाजंत्री बसवणार कुठे ते आधी बघून या. सनई हे उघड्यावरचं वाद्य, देवळाच्या चौकात आणि नगारखान्यात वाजणारं. आमच्या मुलीच्या वेळी हॉल बंद, एसीचा. आत वाजप सुरू झालं आणि शेजारच्या खुर्चीतल्या विहीणबाईंशी बोलता येईना. शेवटी वाजंत्र्यांना बाहेर पायऱ्यांजवळ सावलीत बसवलं, तेव्हा कुठे बरं झालं. येणारा पाहुणा सनई ऐकत आत येतो, आत गप्पा चालू राहतात. माइक अजिबात देऊ नका.

दुसरं म्हणजे, अंतरपाट दूर होताना खूण करायला एक माणूस नेमा, आणि तो नवरीचा भाऊ नको, तो त्या वेळी भलतीकडेच असतो. भटजींचं एखादं मंगलाष्टक लांबतं, वाजंत्र्यांना वाटतं झालं, आणि शेवटचं कडवं कोणालाच ऐकू येत नाही. वाजंत्र्यांनी गलबला करू नये असं मंगलाष्टकातच सांगून ठेवलंय, पण ऐकतो कोण!

नावेलीचा शेजारी

रिसेप्शन मडगावात आहे, म्हणजे बँडला तोटा नाही. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. सासष्टीत, म्हणजे मडगावच्या तालुक्यात, आजही अशी घरं आहेत जिथे आजोबांपासून नातवापर्यंत सगळे काही ना काही वाजवतात.

आमचे शेजारी कॅथलिक. त्यांच्या मुलाच्या लग्नात मी आदल्या दिवशीच्या रोसपासून होतो. रोस म्हणजे नवऱ्याला नारळाचा रस लावून न्हाऊ घालणं, आपल्या हळदीचा चुलतभाऊच म्हणा. बायका जुनी गाणी म्हणत होत्या, साथीला काही नाही, टाळ्या तेवढ्या. रिसेप्शनला मात्र पुरा बँड, ट्रम्पेट-सॅक्सोफोनसकट. पण मला जास्त कौतुक वाटलं ते एमसीचं, म्हणजे माइक घेऊन कार्यक्रम चालवणाऱ्याचं. केक, टोस्ट, नवरा-नवरीचा पहिला नाच, मग हळूहळू सगळ्यांना फ्लोअरवर आणणं, हे सगळं तो आणि बँडवाले एकमेकांकडे बघून चालवतात. आधी वॉल्ट्झ, मग जाइव्ह, आणि शेवटाकडे कोंकणी गाण्यांचा ‘मसाला’ सुरू झाला की गुडघे दुखणाऱ्या आज्यासुद्धा उठतात.

आपल्या रिसेप्शनला काय होतं? पाहुणे पाकीट हातात धरून रांगेत, नवरा-नवरी स्टेजवर फोटोत अडकलेली, आणि बँड रिकाम्या फ्लोअरसमोर वाजवतोय. फोटोची रांग साडेआठला बंद करायची हिंमत असेल तरच बँड घ्या. नसेल तर एक गायक, एक गायिका, कीबोर्ड आणि सॅक्सोफोन पुरे. भाचीला वाईट वाटेल, पण तिला हे आत्ताच सांगा.

साऊंडवाला, म्हापसा

भावोजी बरोबर आहेत. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण ती सणा-उत्सवांना, तुमच्या आमच्या रिसेप्शनला नव्हे. रहिवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. दोन माणसं समोरासमोर बोलली तरी आकडा 60 च्या आसपास जातो, त्यावरून डीजेचं काय ते समजा. हॉस्पिटल, शाळा किंवा कोर्टापासून 100 मीटरच्या आत शांतता क्षेत्र असतं, म्हणून हॉल घेताना आजूबाजूला काय आहे तेही बघा.

गिऱ्हाईक पत्रिकेवर सात लिहितं, नवरी साडेआठला हॉलवर पोचते आणि साडेनऊला मला येऊन सांगतात, ‘आता वाढव रे!’ काय वाढवू? पावणेदहाला शेवटचं गाणं लावायचं असतं. हॉल बंदिस्त असला तर आत चालतं, पण आवाज बाहेर जाता कामा नये. जेवण लॉनवर आणि नाच आत असेल तर दारं सतत उघडतात, आणि शेजाऱ्याचा फोन पोलिसांना जातो. परवानगी लेखी घ्या आणि तिचा कागद साऊंडवाल्याकडे द्या. घरी कपाटात ठेवून उपयोग नाही.

ताळगावचा भाचा

डीजेचा विषय निघालाच आहे तर गाणी वाजवायच्या परवान्याचं सांगतो, कारण आमच्या वेळी हॉलच्या मॅनेजरने ऐन आठवड्यात तो मागितला. कॉपीराइट कायदा 1957, कलम 52 मध्ये धार्मिक समारंभातल्या संगीताला सूट आहे, आणि लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले इतर समारंभ त्यात येतात असं स्पष्टीकरणच दिलंय. जानेवारी 2024 मध्ये गोवा सरकारने त्यावरून परिपत्रक काढलं की लग्नात गाणी वाजवायला कोणी रॉयल्टी मागू नये. ते परिपत्रक ऑगस्ट 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केलं. लोकांनी त्याचा अर्थ ‘आता लग्नातही पैसे भरा’ असा घेतला. रद्द झालं ते परिपत्रक; कलम आहे तिथेच आहे. तरी मॅनेजरशी वाद घालत बसायला लग्नाच्या दिवशी वेळ कोणाला? बुकिंग करतानाच लिहून घ्या की परवाना लागला तर तो कोण काढणार आणि पैसे कोणाचे.

पेडण्याहून

आम्ही आदल्या रात्री घरच्याच मांडवात घुमट ठेवलं, म्हणजे मडक्याच्या तोंडाला कातडं लावून केलेलं वाद्य. वाड्यावरची पोरं चतुर्थीला आरत्या करतात, तीच. काका आधी कुरकुरले, ‘घुमट चवथीचं, लग्नात कशाला?’ समेळ (साथीचा ढोल) आणि कासाळं (मोठ्या झांजा) जुळली तसे स्वतःच पुढे येऊन बसले. 2019 मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून पोरांचा उत्साह वाढलाय. पूर्वी तोंडाला घोरपडीचं कातडं लावत. वन्यजीव कायद्याने ते बंद, आता बकऱ्याचं असतं. जुनी माणसं म्हणतात नाद बदलला. मला फरक कळत नाही, काकांना कळतो. पैसे फार लागले नाहीत. नारळ, थोडं मानधन आणि रात्री पोटभर जेवण. नवऱ्याकडचे पुण्याचे पाहुणे डीजेपेक्षा याचेच व्हिडिओ घेऊन गेले.

डिचोलीची सून

आमच्याकडे काहीच नव्हतं. सकाळी देवळात लग्न, दुपारी जेवण, संपलं. कोणीही तक्रार केली नाही.

पुण्याची, पण माहेर कुंकळ्ळी

माझ्या चुलत बहिणीचं लग्न दक्षिण गोव्यातल्या एका समुद्राकाठच्या हॉटेलात झालं. मुलाकडच्यांनी पुण्याहून ढोल-ताशा पथक आणायचं ठरवलं होतं. मुलंमुली, ढोल, त्यांची राहायची सोय, बसभाडं, सगळा हिशोब मांडला आणि बेत गुंडाळला. इथलंच ढोल-ताशांचं पथक घेतलं, शिगम्यात, म्हणजे आपल्या होळीच्या उत्सवात, वाजवणारं. वरात वाळूतून न्यायचा हट्ट मात्र पुरा केला. नऊवारी नेसून मऊ वाळूत नाचून बघा एकदा! दहानंतर हॉटेलने बाहेरचं सगळं बंद केलं आणि सगळ्यांच्या कानांना हेडफोन लावले. तरुण मंडळी खूश. आमची आत्या मात्र विचारत होती की ही पोरं आवाज नसताना नाचतायत का.

माशेलची मावशी

परत येते, एक राहिलं. कोणीतरी तुम्हाला ‘नाट्यसंगीताची मैफल ठेवा’ सांगणारच. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, दीनानाथ मंगेशकर यांचा मुलूख आपला, त्यामुळे ऐकायला छान वाटतं. पण जेवणाच्या वेळी ठेवू नका. गाणारी तान घेत असते आणि मागून ‘सोलकढी आणा’ ओरडतात. मैफल हवी तर आदल्या संध्याकाळी, घरी, जेवढ्या माणसांना खरंच ऐकायचंय तेवढ्यांत. पेटी, तबला आणि एक गाणारा, बस्स.

आणि सनईवाल्यांना मुहूर्ताआधी खायला घाला. ते पहाटे निघालेले असतात. यजमान म्हणतात पंगत झाल्यावर बघू, आणि दुपारी तीनपर्यंत त्यांच्या पोटात चहाशिवाय काही नसतं. केटररला त्यांची माणसं मोजून आधीच सांगून ठेवा.