सुवर्ण नियंत्रणाचा काळ विसरू नका

नाशिकच्या सराफ बाजारातल्या जुन्या पेढ्या गोदावरीच्या पुरांमुळे बंद पडल्या, असं काहीजण म्हणतात. मला पटत नाही. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पुराचं पाणी लागलं की माल हलवायचा, हे नाशिकच्या सराफाला वाडवडिलांपासून ठाऊक. खरा घाव १९६३ चा! सरकारच्या सुवर्ण नियंत्रणात १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्ध सोन्याचे दागिने घडवायला बंदी आली. लग्नात १४ कॅरेटची ठुशी कोण घालणार? आमच्या आजोबांनी चांदीची ताम्हनं, निरांजनं विकून पेढी तगवली. शेजारच्या कारागिरांच्या मात्र भट्ट्या विझल्या, मुलं दुसऱ्या कामाला लागली. ती कॅरेटची अट पुढे सुटली, तरी १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत मानेवर होताच. आजोबांचा सोनं तोलायच्या गुंजांचा, म्हणजे लाल बियांचा, डबा (९६ गुंजांचा तोळा) अजून आमच्या तिजोरीत आहे.