रणभूमीवरच्या खांबाला काय म्हणावं : विजयस्तंभ, समाधी की वीरगळ?

कृष्णाकाठ, वाई
सरसेनापती हंबीरराव मोहिते 1687 साली वाईजवळच्या लढाईत पडले. त्या लढाईची आठवण म्हणून आमच्या गावात एक दगडी खांब उभा करायचं चाललं आहे. वर्गणी जमली, घडवणारेही मिळाले. अडलंय ते नावावर. तरुण मंडळी म्हणतात 'विजयस्तंभ', थोरली माणसं सवयीनं 'समाधी' म्हणतात आणि एका गुरुजींनी 'वीरगळ' सुचवलं. दगडावर एकदा कोरलं की खोडता येत नाही, म्हणून जाणकारांना विचारते. अर्थासोबत प्रत्यक्ष वापर कसा होतो तेही सांगा.

रहिमतपूरकर
'समाधी' आधी बाजूला ठेवा. जिथं देह ठेवला, दहन झालं किंवा रक्षा पुरली, तिथं समाधी. हा शब्द मूळचा योग्यांचा, पुढे राजांना आणि सरदारांनाही लागू झाला. साताऱ्याजवळ संगम माहुलीला साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांची समाधी आहे, हंबीररावांची कन्या ताराराणी यांचीही आहे. शाहू महाराजांच्या कुत्र्याचीसुद्धा समाधी तिथं दाखवतात. म्हणजे शब्द सैल झाला, पण 'इथंच शेवट झाला' हा अर्थ सुटला नाही. हंबीररावांची समाधी त्यांच्या गावी, कराड तालुक्यातल्या तळबीडला आहे. तुम्ही दुसरी लिहिलीत तर पुढची पिढी दोन ठिकाणी हार घालेल आणि खरी कुठली यावर भांडेल.

जतची माती
वीरगळबद्दल मी सांगतो, कारण आमच्याकडे कन्नड घरात आणि मराठी शाळेत. कन्नडमध्ये दगडाला 'कल्लु' म्हणतात. वीर आणि कल्लु जोडले की 'वीरगल्लु', त्याचंच मराठीत 'वीरगळ'. मासे धरायच्या गळाशी याचा काही संबंध नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण तशी फोड केलेली मी वाचली आहे.

ताई, वीरगळ ही ठरावीक घडणीची शिळा असते. ती खालून वर वाचायची. तळाच्या चौकटीत वीर आडवा पडलेला. गाई सोडवताना गेला असेल तर शेजारी गाई कोरलेल्या. त्यावर लढाई. त्यावर अप्सरा त्याला वर नेतात. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे बसलेला, माथ्यावर कलश आणि बाजूला चंद्र-सूर्य. तुमच्याच तालुक्यात किकलीला भैरवनाथाच्या देवळाजवळ कितीतरी वीरगळ आहेत, एकदा सगळ्यांनी मिळून बघून या. बहुतेकांवर नाव नाही. राजा कोण, जिंकलं कोण, याचा उल्लेख नाही. आहे तो फक्त पडलेला माणूस. मला या दगडांपुढे उभं राहिलं की भरून येतं. कुणा सेनापतीचे नाहीत ते, गावच्या गुरांसाठी धावलेल्यांचेही आहेत.

तुमच्या खांबावर या चौकटी नसतील तर त्याला वीरगळ म्हणू नका. खांब हा खांब, शिळा ही शिळा.

शिराळा-वारणा
वरच्या उत्तराला जोडून: हातात बांगड्या असलेला, कोपरात वाकवलेला हात कोरलेला असेल तर ती सतीशिळा. आणि गाढव कोरलेला दगड म्हणजे गधेगळ. ते दानपत्र मोडणाऱ्याला शापाचं चित्र आहे, स्मारक नव्हे. गावोगावी तिन्ही दगडांना एकच शेंदूर लागतो, म्हणून घोटाळा होतो.
एक शंका: तो वीरगळ की ती वीरगळ?

जतची माती
दोन्ही चालतात. 'वीरगळी' असं अनेकवचन करणारे स्त्रीलिंगी धरतात, 'शिळा' मनात असल्यामुळे असावं. मी पुल्लिंगी लिहितो. एका लेखात एकच लिंग पाळलं म्हणजे झालं.

कृष्णाकाठ, वाई
मग विजयस्तंभ? त्या लढाईत जय मराठ्यांचाच झाला ना?

रहिमतपूरकर
झाला. मुघलांचा सरदार सर्जाखान याच्या फौजेला हटवलं, पण तोफेचा गोळा लागून सेनापती गेले. 1674 पासून सैन्य सांभाळणारा माणूस त्या दिवशी गेला. 'विजयस्तंभ' म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे जिंकणारी बाजू येते, पडलेला माणूस येत नाही. तुम्हाला कुणाची आठवण ठेवायची आहे?

अर्थात स्तंभ दोन्ही कामं करू शकतो. भीमा-कोरेगावच्या 1818 च्या लढाईचा स्तंभ बघा. लोक त्याला विजयस्तंभही म्हणतात आणि जयस्तंभही, आणि त्यावर पडलेल्यांची नावंही आहेत. (तो आपल्या साताऱ्याच्या कोरेगावात नाही, पुणे जिल्ह्यात पेरणे गावच्या हद्दीत आहे. आमच्याकडच्या कोरेगावकरांना हे दरवर्षी सांगावं लागतं.) पण तिथं नावं कोरली म्हणून माणसं आठवतात. नावाशिवायचा विजयस्तंभ मला कोरडा वाटतो.

शिराळा-वारणा
'हुतात्मा स्मारक'ही नको. हुतात्मा म्हणजे ज्यानं स्वतःची आहुती दिली तो, पण आपल्या भागात तो शब्द 1942 शी बांधला गेलाय. वडूज आणि इस्लामपूरच्या मोर्चांवर गोळीबार झाला, त्यात गेलेले ते हुतात्मे. सतराव्या शतकातल्या सेनापतीला तो शब्द लावला की काळ सरमिसळ होतो. साधं 'रणस्मारक' लिहा. रण आलं, स्मरण आलं.

कृष्णाकाठ, वाई
'रणस्मारक' बैठकीत मांडते. खाली ओळ अशी धरली आहे: 'सरसेनापती हंबीरराव मोहिते 1687 साली वाईजवळच्या लढाईत धारातीर्थी पतन पावले.'

जतची माती
'धारातीर्थी पडले' पुरे. धारा म्हणजे तलवारीची धार, तेच तीर्थ. हंबीरराव तोफेच्या गोळ्यानं गेले तरी शब्द चालतो, रणात मरण आलं एवढाच अर्थ आता उरला आहे. 'पतन' काढा, त्याला अधोगतीचा वास येतो. आणि खाली जागा उरली तर 'आणि त्यांच्यासोबत पडलेले सर्व शिपाई' एवढं जरूर कोरा.